पाखरांना दाणापाणी कसे ठेवावे



प्रजासत्ताक दिनाच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी सगळ्यांना एकेक विषय दिला. कोणाला 'पाण्याचे महत्त्व' मिळाला, कोणाला 'माझा आवडता सण' मिळाला. मी बाईंना विचारलं, मला जे माहीत आहे तेच लिहू का? बाई म्हणाल्या, तेच तर लिहायचं असतं. म्हणून मी आमच्या परसातल्या पाखरांच्या दाण्यापाण्याविषयी लिहीत आहे. लेख लांबला म्हणून बाईंनी मला दोन कागद दिले. दुसरा कागद खिडकीच्या पलीकडे चिकटवला आहे. तो जरूर वाचावा, कारण महत्त्वाचं तिकडेच आहे.

आपला माण तालुका सातारा जिल्ह्यात असला तरी पाऊस आपल्याकडे फार थोडा पडतो. पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात, मी तिसरीत असताना, आमच्या हौदाच्या काठावर साळुंक्या चोच उघडी टाकून बसायच्या. मला वाटलं त्या ओरडतायत, पण आवाज येत नव्हता. मग बाईंनी सांगितलं, की पाखरांना आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला ती चोच उघडी ठेवून धापा टाकतात. हौदातलं पाणी खूप खाली गेलं होतं. एक चिमणी पाणी प्यायला आत उतरली आणि बुडून मेली. आजीनं ती सुपलीनं काढली आणि मला म्हणाली, "अगं, दाण्याचं नंतर बघ. आधी पाणी ठेव."

तेव्हा मीही तुम्हाला आधी पाण्याचंच सांगते.

भांडं पसरट आणि उथळ पाहिजे. आमच्या फुटक्या माठाचा खालचा भाग आजीनं दिला, त्याला आम्ही खापर म्हणतो. पाणी आपल्या बोटाची दोन पेरं बुडतील एवढंच घालावे, म्हणजे दीड-दोन इंच. जास्त घातलं तर लहान पाखरू घाबरतं, आणि आत पडलं तर बुडतं. मधोमध एक खडबडीत दगड ठेवावा. त्यावर चिमणी बसते, मधमाश्याही बसून पाणी पितात. (मधमाश्या प्यायला आल्या की हाकलू नयेत, त्या त्यांच्या कामात असतात.) मातीच्या भांड्याच्या अंगातून पाणी पाझरतं आणि त्याची वाफ होते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. स्टीलचं ताट ठेवू नये. मी एकदा ठेवलं होतं. दुपारी मीच हात लावला तर चटका बसला, मग पाखराच्या पायांचं काय होईल?

भांडं सावलीत ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. आपल्या गावच्या आशाताई घरोघर येऊन आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, ते इथेही लागू आहे. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून पुरता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्या खापरात आशाताईंनी पहिल्यांदा वळवळ दाखवली तेव्हा मला फार लाज वाटली. आता मी रोज सकाळी जुनं पाणी कढीपत्त्याला ओतते आणि खापर नारळाच्या शेंडीनं घासते. घासताना साबण लावत नाही.

आता दाण्याचं ताट. मी आतापर्यंत चार प्रकार करून बघितले. पहिला प्रकार म्हणजे भिंतीवर ठेवलेली परडी. ती वाऱ्यानं पडली आणि दाणे कोंबड्यांनी खाल्ले. दुसरा प्रकार नारळाच्या करवंटीचा. तीन भोकं पाडून सुतळीनं शेवग्याला टांगली. ही करायला सोपी आणि फुकट आहे, पण त्यात एकच चिमणी मावते आणि बाकीच्या फांदीवर बसून भांडतात. तिसरा प्रकार थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीचा. आरपार चमचे घालायचे आणि चमच्यात दाणे गळतात. दिसायला हा सगळ्यांत भारी. पण पहिल्याच पावसात बाटलीत पाणी गेलं, बाजरी ओली झाली, चिकटली आणि तिला मोड आले. नंतर आतून हिरवट बुरशी आली. हात आत जात नाही, मग धुणार कसं? तेव्हा ज्या भांड्यात आपला हात जात नाही ते भांडं घेऊ नये, असं माझं मत आहे.

चौथा प्रकार मी अजून वापरते. आमचा एक जुना पाट होता, त्याची एक बाजू चिरलेली. आजी म्हणाली, यावर आता कोणी बसायचं नाही, पाखरं जेवू देत. दादानं गिरमिटानं पाटाच्या चार कोपऱ्यांना चार भोकं पाडली आणि मध्ये बारीक बारीक सहा भोकं पाडली. मधली भोकं पाणी गळून जाण्यासाठी आहेत. टोमॅटोच्या खोक्याच्या पट्ट्या कडेनं ठोकल्या, म्हणजे दाणे उधळत नाहीत. खिळ्याची टोकं वर राहिली नाहीत ना, हे बोट फिरवून पाहिलं. मग तो पाट शेवग्याला टांगला. पाटावर एका वेळी आठ-दहा चिमण्या आरामात जेवतात. आधी सुतळीनं टांगला होता, पण खारीनं सुतळी कुरतडली आणि सगळं खाली आलं. आता तार आहे. खार तारेवरूनही उतरते. तिचा बंदोबस्त मला जमलेला नाही, आणि आजी म्हणते राहू दे, ती रामाची खार आहे.

टांगलेल्या ताटावर सगळी पाखरं येत नाहीत, हे मला नंतर समजलं. होले जमिनीवरचं टिपतात. ते पाटावर क्वचितच बसतात, खाली सांडलेलं वेचतात. सातभाई येतात ते सगळे मिळून येतात आणि केवढा कलकलाट करतात! ते पाचोळा उलटापालटा करून किडे शोधतात, दाण्याला कधीतरीच तोंड लावतात. बुलबुलाला दाणा नको, त्याला पिकलेल्या पपईची फोड ठेवावी. लाल बुडाचा बुलबुल आमच्याकडे पपईसाठीच येतो. साळुंकी काहीही खाते आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही. वेडा राघू तारेवर बसलेला दिसतो, पण तो उडते किडे आणि माश्या धरतो, आपल्या ताटाकडे तो बघतसुद्धा नाही. मी दोन महिने त्याची वाट बघितली, मग बाईंनी सांगितलं.

चिमणा आणि चिमणी सारखे नसतात, हे पण पुष्कळांना माहीत नाही. चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो, जणू शाई सांडली आहे. चिमणी मातकट रंगाची असते. एका चिमणीचं वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम असतं. दुकानातल्या लहान बिस्किटपुड्यापेक्षाही ती हलकी.

काय घालावे? बाजरी, ज्वारी, राळा, तांदळाची कणी. चिमण्यांना बाजरी सगळ्यांत आवडते, कारण दाणा बारीक असतो. भाकरीचा कोरडा चुरा थोडासा चालतो. माझी मैत्रीण शेव आणि फरसाण घालायची. ते घालू नये, खारे दाणेही घालू नयेत, एवढ्याशा जिवाला मीठ बाधतं. शिळं, बुरशी आलेलं, वास येणारं काही घालू नये. काही घरांत "खराब झालंय, टाक पाखरांना" असं म्हणतात. आपण जे खाणार नाही ते त्यांना का?

किती घालावे? आजीकडे मापाचं जुनं कोळवं आहे. सकाळी अर्धं कोळवं बाजरी घालते, ती नऊ वाजेपर्यंत संपते. संपेल एवढीच घालायची. जास्त घातली की रात्री उंदीर आणि मुंग्या येतात. मुंग्यांसाठी आजीनं तारेला हळद चोळायला सांगितलं. दोन दिवस गुण आला, मग वाऱ्यानं हळद उडून गेली.

(पुढे दुसऱ्या कागदावर वाचा.)

आता मी जे लिहिणार आहे ते लिहू की नको असं मला चार दिवस वाटत होतं. आईला वाटतं लिहू नये, लोक काय म्हणतील. आबा म्हणाले, लिही, माझंही लिही.

नवरात्रात आमची रब्बी ज्वारीची पेरणी झाली. पेरायच्या आधी आबांनी बियाण्याला खोडमाशीचं औषध लावलं होतं. खोडमाशीची अळी ज्वारीचं रोप लहान असतानाच त्याचा पोंगा आतून खाते, म्हणून हे औषध लावतात. त्यानं ज्वारी गुलाबी झाली होती. पेरणी झाल्यावर पिशवीत दोन मुठी बियाणं उरलं आणि ती पिशवी ओसरीवर खुंटीला राहिली. त्या दिवशी डब्यातली बाजरी संपली होती. आई घरी नव्हती. मी पिशवीत पाहिलं, ज्वारीच आहे, आणि रंग किती छान आहे. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, पाखरांनाही रंगीत जेवण. मी एक मूठ पाटावर पसरली.

दुपारी शाळेतून आले तर शेवग्याखाली दोन चिमण्या पडल्या होत्या. एकीचे पाय वर होते. दुसरी जिवंत होती, पण तिला उभं राहता येत नव्हतं, पंख थरथरत होते. मी तिला पाणी दाखवलं. तिनं चोच उघडली नाही. थोड्या वेळानं तीही गेली. एक होला भिंतीला टेकून अंग फुगवून बसला होता. तो संध्याकाळी अडखळत उडाला, पुढे त्याचं काय झालं ते कळलं नाही.

मी कोणाला काही सांगितलं नाही. दोन्ही चिमण्या कागदात गुंडाळून कढीपत्त्याच्या मागे पुरल्या आणि पाट धुतलासुद्धा नाही. त्यावर अजून गुलाबी दाणे होते. हे माझं सगळ्यांत मोठं चुकलं, कारण मी घाबरून गप्प बसले तेवढ्या वेळात आणखी पाखरं आली असती. रात्री जेवण जाईना तेव्हा आजीनं विचारलं. मग मी रडत रडत सांगितलं.

आबा जेवता जेवता उठले. आधी मला म्हणाले, "हात कशानं धुतलेस? साबणानं धू, कोपरापर्यंत." मग बॅटरी घेऊन पाटावरचे आणि खालचे सगळे दाणे कागदावर गोळा केले. कोंबड्या त्या रात्री खुराड्यात होत्या हे नशीब. दुसऱ्या दिवशी विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, बांधाकडे खोल खड्डा केला आणि उरलेलं बियाणं पिशवीसकट पुरलं. आबा मला रागावले नाहीत. म्हणाले, "पिशवी खुंटीला ठेवली ती मी. उद्या तू तीच ज्वारी दळायला नेली असतीस तर?"

तर पालकांनो, माझी आपणाला विनंती आहे. औषध लावलेलं बियाणं मुद्दाम रंगीत केलेलं असतं, गुलाबी, लाल, हिरवं, निळं, म्हणजे ते खायचं नाही हे ओळखू यावं. पण हे मोठ्यांना माहीत असतं, लहानांना माहीत नसतं. मला वाटलं रंग म्हणजे गोडी. उरलेलं बियाणं ओसरीवर, फडताळात, धान्याच्या डब्याशेजारी ठेवू नये. ते पाखरांना, कोंबड्यांना, शेळ्यांना घालू नये. धुऊन रंग गेला तरी घालू नये. पेरताना जमिनीवर सांडलेलंही मातीनं झाकावं, कारण होले आणि चिमण्या पेरलेल्या शेतात टिपायला येतात. औषधाचे काही दाणेसुद्धा चिमणीएवढ्या जिवाला पुरतात.

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला सलीम अलींची गोष्ट सांगितली. ते भारताचे फार मोठे पक्षितज्ज्ञ होते. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईला त्यांचा जन्म झाला आणि १९८७ साली ते वारले. लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असं त्यांनी मामांना विचारलं. मामांनी त्यांना मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवलं, आणि तिथून त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. बाईंनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. पण त्यांनी मारली ती एक, आणि माझ्या हातून दोन गेल्या.

त्यानंतर दिवाळीपर्यंत मी दाणे ठेवले नाहीत, पाणी तेवढं ठेवलं. पाट दोनदा गरम पाण्यानं घासला, रंधा मारून वरचा थर काढला, चार दिवस उन्हात वाळवला. चिमण्या यायच्या, रिकाम्या जागी बसायच्या आणि जायच्या. दाणे बंद केल्यानं त्या उपाशी मेल्या नाहीत, शेतात त्यांना पुष्कळ मिळत होतं. आपलं ताट म्हणजे त्यांचं घर चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

स्वच्छतेचा माझा आताचा नियम असा. रोज टरफलं आणि विष्ठा खराट्याच्या काडीनं झाडायची. दर रविवारी पाट उतरवून गरम पाण्यानं घासायचा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायचा. ओल्या पाटावर दाणे टाकायचे नाहीत. खालची जागाही झाडायची. एका ठिकाणी पुष्कळ पाखरं जेवली की एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. एखादं पाखरू अंग फुगवून, डोळे मिटून बसलेलं आणि जवळ गेलं तरी न उडणारं दिसलं, तर ते आजारी समजावे. मग दोन आठवडे दाणे बंद ठेवावेत आणि सगळं धुवावे. पाट धुतल्यावर आपले हातही साबणाने धुवावेत.

मांजराचं सांगायचं राहिलं. शेजारचा बोका पहिल्यांदा घाणेरीच्या झुडपात लपून बसायचा. झुडूप पाटापासून चार फुटांवर होतं. आबांनी ते तोडलं. ताट माणसाच्या डोक्याएवढं उंच असावं, आणि आठ-दहा फुटांत दबा धरायला जागा नसावी. पण झाड मात्र जवळ पाहिजे, शिकरा आला की चिमण्यांना त्यात शिरता आलं पाहिजे. शेवग्याच्या बुंध्याला बाभळीच्या काट्या बांधल्या आहेत. बोका आता भिंतीवर बसून नुसता बघतो.

आमच्या घरी एक वाद आहे, तोही सांगते. सध्या ज्वारी हुरड्यात आली आहे. आबा सकाळी आणि संध्याकाळी माळ्यावर चढून गोफण फिरवतात आणि पाखरं हाकतात. आणि मी परसात त्यांना बोलावते. चुलते हसतात, म्हणतात, "बाप हाकतोय नि लेक वाढतेय." मी बाईंना विचारलं, माझं चुकतंय का? बाईंनी चीन देशाची हकिकत सांगितली. तिथे १९५८ साली सरकारनं ठरवलं, की चिमण्या धान्य खातात तर त्यांना मारून टाकायचं. लोकांनी थाळ्या वाजवून त्यांना बसू दिलं नाही, दमून त्या खाली पडल्या. लाखो चिमण्या मेल्या. मग पिकावर किडे वाढले, कारण चिमणी मोठी झाल्यावर दाणे खाते, पण तिच्या पिल्लांना दाणे चालत नाहीत. पिल्लांना ती अळ्या आणि किडे भरवते. शेवटी १९६० साली चिमणीचं नाव त्या यादीतून काढलं आणि तिच्या जागी ढेकणाचं घातलं!

मी हे आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मी मारतो कुठं? हाकतो. माझी ज्वारी मला पाहिजे, त्यांची बाजरी तू दे." आबांची गोफण हवेत वाजते, पाखराला लागत नाही, हे मी स्वतः बघितलं आहे. पण माझा पाट आहे म्हणून चिमण्या शेतात कमी जातात असंही नाही. या महिन्यात पाटावर त्या फारच थोड्या येतात. कोवळा हुरडा सोडून वाळकी बाजरी कोण खाईल? मीसुद्धा खाणार नाही.

फक्त दाणे ठेवून भागत नाही, हे त्यातूनच समजतं. पिल्लांसाठी किडे पाहिजेत, म्हणजे थोडं गवत, झुडूप, शेणखताचा उकिरडा पाहिजे. घरट्यासाठी जागा पाहिजे. जुन्या धाब्याच्या घराच्या वळचणीत आमच्याकडे तीन घरटी होती. नवीन स्लॅबच्या खोलीत एकही नाही. म्हणून दादानं मडक्याला सव्वा इंचाचं भोक पाडून ते वळचणीला आडवं बांधलं आहे. अजून कोणी राहायला आलेलं नाही. एक चिमणा मात्र रोज येतो, तो आबांच्या मोटारसायकलच्या आरशात स्वतःलाच टोचा मारतो. त्याला वाटतं दुसरा चिमणा आहे. आईनं आरशाला जुना पायमोजा घातला आहे.

२० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. तो २०१० सालापासून पाळतात आणि तो सुरू करण्यात आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता. त्या दिवसापर्यंत आमच्या वर्गानं पाच खापरं गावात ठेवायची ठरवली आहेत. हापशाजवळ, देवळामागे, दवाखान्याच्या आवारात, पारावर आणि शाळेत. शाळेतलं आजच ठेवलं आहे, कडुनिंबाखाली. फुटका माठ कोणाकडे असेल तर टाकू नका, चौथीच्या वर्गात आणून द्या. पाणी घालायच्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या पाळ्यांसाठी अजून चार मुलं पाहिजेत.

आज पाहुणे पुष्कळ आहेत म्हणून पाखरं लाजतील. ज्यांना बघायचं आहे त्यांनी तिसरीच्या खिडकीतून बघावे, तिथून ती दिसतात आणि आपण त्यांना दिसत नाही. आणि चिवडा घालू नये.

– इयत्ता चौथी